येणाऱ्या मॉडेलची वाट पाहावी का?

नाशिकच्या इंदिरानगरातून एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांच्या घरी ४३ इंची ४के टीव्ही असून त्याला २०१९ मध्ये घेतलेली स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारे छोटे उपकरण, लावलेली आहे. ती आता संथ झाली आहे, मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होते, नवे अ‍ॅप टाकायला गेले की जागा नाही म्हणते आणि बातम्या लावल्या की पडद्याखालची सरकती पट्टी अडखळत जाते. सासऱ्यांना रिमोटवर मराठीत बोलून कीर्तन लावता यावे, अक्षरे मोठी दिसावीत, सुरुवातीच्या पडद्यावरच्या जाहिराती जाव्यात, इंटरनेट केबलने जोडता यावे आणि जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरून डीव्हीडीवर उतरवून घेतलेले लग्न-मुंजींचे व्हिडिओ घरातल्या सर्वांना टीव्हीवर पाहता यावेत, अशा त्यांच्या अपेक्षा आहेत. हे सारे देणारे मॉडेल येईपर्यंत थांबावे, की भाच्याने सुचवलेला बिननावाचा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घेऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण थांबू नये आणि तो बॉक्सही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या यादीतल्या काही गोष्टी आहे त्याच स्टिकवर थोड्या खटपटीने साधतील, काहींसाठी नवे उपकरण लागेल पण ते आजही बाजारात आहे, आणि घरच्या व्हिडिओंची जबाबदारी मात्र कोणत्याही स्टिकवर टाकूच नये.

थांबण्याबद्दल आधी लिहितो, कारण आपल्या पत्राचा सगळा भर त्यावर आहे. पुढचे मॉडेल म्हणजे आजच्या मॉडेलमधले सगळे आणि त्यावर आणखी काही, असे आपण गृहीत धरले आहे. पण या उपकरणांचा इतिहास तसा नाही. अ‍ॅपलच्या २००७ च्या पहिल्या टीव्ही बॉक्समध्ये स्वतःची हार्ड डिस्क होती, २०१० च्या पुढच्या आवृत्तीत ती काढून टाकली. जुन्या साउंड सिस्टीमला जोडायचे ऑप्टिकल पोर्ट २०१५ मध्ये गेले. २०२२ च्या मॉडेलमध्ये तर केबलने इंटरनेट जोडायची सोय ६४ जीबीच्या बॉक्सला न देता केवळ १२८ जीबीच्या महाग बॉक्सला ठेवली. गूगलने २०१३ मध्ये आणलेले आणि घरोघरी पोहोचलेले क्रोमकास्ट २०२४ मध्ये बनवणेच थांबवले. अ‍ॅमेझॉनने २०२५ मध्ये आपल्या एका नव्या स्टिकवर अँड्रॉइडऐवजी व्हेगा नावाची स्वतःची प्रणाली बसवली आणि तिच्यात कंपनीच्या दुकानाबाहेरचे अ‍ॅप चढवता येत नाही. म्हणजे आपण ज्या गोष्टीसाठी वर्षभर थांबाल ती कदाचित येईल, पण आज सहज मिळणारी दुसरी एखादी गोष्ट त्याच वेळी निघून गेलेली असेल.

शिवाय पुढे मिळणाऱ्या अपडेटच्या आश्वासनावर कोणतेही उपकरण विकत घेऊ नये. भाषा, शोध, अक्षरांचा आकार, पडद्याची मांडणी या गोष्टी अपडेटने येऊ शकतात आणि तशाच जाऊही शकतात. व्हिडिओ उलगडणारी चिप, रॅम, साठवणीची जागा, वाय-फायचा रेडिओ आणि पोर्ट मात्र कारखान्यातून निघताना जसे असतात तसेच अखेरपर्यंत राहतात. एव्ही१ हे याचे चांगले उदाहरण आहे. चित्राचा दर्जा राखून कमी डेटात व्हिडिओ पाठवण्याची ही पद्धत २०१८ मध्ये आली, नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये ती टीव्हीवर वापरायला सुरुवात केली आणि यूट्यूबही ती वापरते. परंतु ज्या उपकरणाच्या चिपमध्ये एव्ही१ उलगडण्याची सोय नाही, त्याला ती कोणत्याही अपडेटने देता येत नाही. त्यामुळे दुकानात उभे राहून चौकशी करायची ती या न बदलणाऱ्या गोष्टींची.

नवे काही घेण्याआधी मात्र आजच्या स्टिकला एक संधी द्यावी. आपण पत्रात जाता जाता लिहिले आहे की भिंतीवरचा सॉकेट लांब असल्यामुळे स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खोचली आहे. माझ्या मते स्टिक मध्येच बंद पडण्याचे मुख्य कारण येथेच आहे. टीव्हीवरच्या साध्या यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार अर्धा अँपिअर वीज मिळते, तर अशा स्टिकसोबत येणारा अडॅप्टर साधारणपणे एक अँपिअर किंवा त्याहून अधिक देतो. मेनू पाहताना ही कमतरता जाणवत नाही. पण ४के व्हिडिओ सुरू झाला, वाय-फायवर भार आला, की वीज अपुरी पडते आणि स्टिक पुन्हा पहिल्यापासून चालू होते. खोक्यातला मूळ अडॅप्टर शोधावा, एक एक्स्टेन्शन बोर्ड ओढावा आणि वीज भिंतीवरून द्यावी. अडॅप्टर हरवला असल्यास तेवढ्याच क्षमतेचा, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण असलेला घ्यावा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. भिंतीला चिकटून बसवलेला टीव्ही, त्याच्या मागे बोटभर फट आणि त्या फटीत अडकवलेली स्टिक, अशी बहुतेक घरांतली मांडणी असते. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, टीव्हीची स्वतःची ऊब त्यात मिसळते आणि चिप तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. स्टिकसोबत एचडीएमआयचा एक वीतभर लांबीचा तुकडा येतो, जो बहुतेक लोक खोक्यातच ठेवून देतात. त्याला लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर मोकळ्या हवेत लोंबती ठेवावी. वाय-फायची पकडही त्याने सुधारते, कारण टीव्हीचा धातूचा पाठीमागचा भाग मध्ये येत नाही.

जागेच्या अडचणीवर पक्का उपाय नाही. ८ जीबीच्या उपकरणात मूळ प्रणालीच इतकी जागा घेते की हातात फार थोडी उरते. गूगलच्या २०२० च्या ८ जीबी उपकरणात तर वापरण्यासाठी सुमारे साडेचार जीबीच राहत होती. न लागणारी अ‍ॅप काढणे आणि यूट्यूबसारख्या मोठ्या अ‍ॅपची कॅशे, म्हणजे त्याने तात्पुरता साठवलेला डेटा, पुसणे यांवर काही महिने निघतील, त्याहून जास्त नाही.

आता सरकत्या पट्टीविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हा त्रास घरोघरी आहे आणि लोक त्याचा दोष इंटरनेटला देतात. आपल्या देशातल्या वाहिन्यांचे चित्र पूर्वीपासून सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ स्थिर चित्रांच्या, हिशेबाने तयार होते. स्टिक मात्र कारखान्यातून सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवण्यासाठी लावलेली असते, कारण अमेरिकेत तो हिशेब आहे. २५ ने ६० ला भाग जात नाही, त्यामुळे एक फ्रेम पडद्यावर दोन वेळा उमटते तर पुढची तीन वेळा, आणि हा असमान क्रम सतत चालू राहतो. बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो दिसत नाही. पण एकाच वेगाने डावीकडे जाणारी अक्षरे, क्रिकेटच्या मैदानावरून फिरणारा कॅमेरा, मालिकेच्या शेवटी वर चढणारी नामावली, अशा ठिकाणी डोळ्याला तो लगेच टोचतो. इंटरनेट कितीही वेगवान केले तरी हा दोष जात नाही.

याला दोन उपाय आहेत. स्टिकच्या डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मूळ फ्रेम-दराशी जुळवून घेण्याचा पर्याय असेल तर तो चालू करावा, म्हणजे मालिका २५ ची असली तर पडदा ५० वर आणि चित्रपट २४ चा असला तर २४ वर जाईल. अ‍ॅपलने ही सोय २०१७ मध्ये दिली आणि आता इतर कंपन्यांच्या ४के उपकरणांतही ती सापडते. मात्र अ‍ॅपनेही साथ द्यावी लागते आणि बरीच अ‍ॅप ती देत नाहीत. तसे असेल तर त्याच सेटिंगमध्ये हाताने ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र, निवडून ठेवावे. आपल्या घरी बातम्या, मालिका आणि कीर्तने जास्त पाहिली जातात, त्यामुळे आपल्याला हा दुसरा उपाय अधिक लाभेल असे मला वाटते. फोनवर काढलेले व्हिडिओ बहुतेक ३० फ्रेमचे असल्याने ते मग किंचित अडखळतील, याची तयारी ठेवावी. फ्रेम-दर बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, तो बिघाड नव्हे. हा काळा क्षण घालवणारी सोय एचडीएमआय २.१ मध्ये आहे, पण ती टीव्ही आणि उपकरण दोघांकडेही असावी लागते. या वर्गातल्या सगळ्या उपकरणांत मूळ फ्रेम-दर आपोआप आणि न चुकता पाळला जावा, ही माझी स्वतःची सर्वांत मोठी मागणी आहे. चिप सक्षम असूनही केवळ दुर्लक्षामुळे भारतातल्या प्रेक्षकाने अडखळते चित्र पाहावे, हे मला अजिबात पटत नाही.

केबलने इंटरनेट जोडण्याची आपली इच्छा रास्त आहे, परंतु ती आजच पुरी होऊ शकते. बऱ्याच स्टिकसाठी वीज आणि लॅन एकत्र देणारा छोटा अडॅप्टर मिळतो. त्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंतच असतो, म्हणून काही जण नाक मुरडतात. पण नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिट पुरेसे मानते, तेव्हा आपल्याला तो भरपूर आहे. राउटर पुढच्या खोलीत आणि टीव्ही मागच्या खोलीत असल्याने केबल ओढणे शक्य नसेल, तर निदान एवढे पाहावे की स्टिक कोणत्या वाय-फायला जोडलेली आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती ओलांडून लांब जातो, पण इंदिरानगरासारख्या दाट वस्तीत शेजारच्या सगळ्या राउटरांची त्यावर गर्दी असते. मधे एकच भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरावा.

जाहिरातींच्या बाबतीत पूर्ण सुटका कोणतीही कंपनी देईल असे दिसत नाही, कारण उपकरण स्वस्त ठेवण्यामागे तेच उत्पन्न असते. तरीही सासऱ्यांना ज्याचा खरा त्रास होतो, ते आपोआप वाजू लागणारे व्हिडिओ, ते बंद करता येतात. अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्ही उपकरणांत प्राधान्यांच्या सेटिंगमध्ये ठळक जाहिरातींचे चित्र आणि आवाज आपोआप सुरू न होऊ देण्याचे पर्याय आहेत. गूगल टीव्हीवर केवळ अ‍ॅप दाखवणारी मांडणी निवडता येते. मोठ्या अक्षरांसाठी दिव्यांग-सुलभतेच्या विभागात जावे. तेथे अक्षर मोठे करणे, पडदा वाढवून पाहणे, रंगांचा विरोध वाढवणे अशा सोयी उपकरणागणिक कमी-जास्त मिळतात. सबटायटलचा आकार मात्र बहुधा प्रत्येक अ‍ॅपमध्ये वेगळा ठरवावा लागतो.

मराठीत बोलून शोधण्याविषयी मी कोणत्याही जाहिरातीवर विश्वास ठेवणार नाही आणि आपणही ठेवू नये. महात्मा गांधी रस्त्यावर किंवा कॉलेज रोडवर ज्या दुकानात उपकरण चालू करून दाखवतात तेथेच जावे, शक्य असल्यास सासऱ्यांना सोबत न्यावे आणि ते घरी जसे बोलतात तसेच रिमोटवर बोलायला सांगावे. ‘नारदीय कीर्तन लाव’ हे शब्द देवनागरीत नीट उमटतात का, की त्यांचे भलतेच इंग्रजी होते, हे तेथल्या तेथे कळेल. कीर्तनकारांची नावे, अभंगांच्या पहिल्या ओळी, वाहिन्यांची नावे, असे चार-पाच शब्दप्रयोग करून पाहावेत. मराठी बोलणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या घरी ही उपकरणे आहेत आणि त्यांतले कित्येक वयोवृद्ध पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर निवडू शकत नाहीत. आवाजाने मराठी शोध ही त्यांच्यासाठी चैन नसून उपकरण वापरता येण्याची पहिली अट आहे, असे मी मानतो. ज्या उपकरणावर ते जमत नाही, त्यावर तोवर फोनमधल्या यूट्यूबवर मराठीत बोलून शोधावे आणि सापडलेला व्हिडिओ टीव्हीवर पाठवावा. दोन्ही एकाच वाय-फायवर असले म्हणजे झाले.

याच ओघात रिमोटचाही प्रश्न सुटण्यासारखा आहे. टीव्हीचा वेगळा आणि स्टिकचा वेगळा, असे दोन रिमोट सासऱ्यांच्या हातात देण्याची गरज नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करावे, म्हणजे स्टिकचे बटण दाबताच टीव्हीही चालू होईल आणि योग्य इनपुटवर येईल. सॅमसंगवर ही सोय एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक आणि सोनीवर ब्राव्हिया सिंक या नावाने असते, त्यामुळे लोकांना ती सापडत नाही.

भाच्याने सुचवलेल्या बॉक्सला मी इतक्या ठामपणे नाही का म्हणतो, तेही सांगायला हवे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. अशा अनोळखी बनावटीच्या स्ट्रीमिंग उपकरणांत विक्रीपूर्वीच घातक प्रोग्रॅम घातलेले आढळले होते आणि त्यांच्याद्वारे घरचे इंटरनेट गुन्हेगारांना वापरू दिले जात होते. ज्या वाय-फायवर आपला फोन बँकेचे व्यवहार करतो, त्यावर असे काही आणून बसवू नये. दुसरे कारण रोजच्या वापरातले आहे. चित्रपटांच्या चोरीपासून संरक्षणासाठी असलेल्या वाइडव्हाइन व्यवस्थेत उपकरणाला एल१ ही पातळी मिळालेली नसेल, तर मोठी अ‍ॅप त्यावर साध्या डीव्हीडीच्या दर्जाचेच चित्र देतात. खोक्यावर ८के छापलेले असले तरी आपल्या ४के टीव्हीवर चित्र धूसर दिसते, आणि विकणाऱ्याला त्याचे कारण सांगता येत नाही.

तेव्हा अडॅप्टर आणि सेटिंग सुधारून महिनाभर पाहावे, आणि तरीही समाधान झाले नाही तर मान्यताप्राप्त कंपनीचे, किमान २ जीबी रॅमचे, एव्ही१ उलगडणारे, मूळ फ्रेम-दर पाळण्याचा पर्याय असलेले उपकरण घ्यावे. साठवण १६ जीबी किंवा अधिक मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. सुरक्षा-अपडेट किती वर्षे देणार हे कंपनीने लेखी जाहीर केले आहे का, हेही विचारावे. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाएकी चालेनाशी झाली होती, कारण तिच्यातल्या सुरक्षा-प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने ती काही दिवसांत दुरुस्त केली, पण ज्या कंपनीने लक्ष काढून घेतले असेल तिच्या ग्राहकांनी अशा वेळी कोणाकडे पाहावे?

राहिले घरचे व्हिडिओ, आणि माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. स्टिकला हार्ड डिस्क लावण्यासाठी तारांची जी उतरंड रचावी लागते तिच्या वाटेला जाऊ नये. घरात जुना पण चालता लॅपटॉप असेल तर त्यावर जेलीफिन हे विनामूल्य सर्व्हर, म्हणजे एका जागचे व्हिडिओ घरातल्या सगळ्या उपकरणांना पुरवणारा प्रोग्रॅम, बसवावे, हार्ड डिस्क त्याला जोडावी आणि टीव्हीवर त्याचेच अ‍ॅप घ्यावे. मग मुंजीचा व्हिडिओ टीव्हीवर, मुलीच्या फोनवर आणि दिराच्या टॅबवर एकाच ठिकाणाहून दिसेल, आणि पुढे स्टिक बदलली, कंपनी बदलली, तरी संग्रह जागचा हलणार नाही. लॅपटॉप नसेल तर राउटरला यूएसबी पोर्ट आहे का ते पाहावे. असल्यास बहुतेक वेळा हार्ड डिस्क तेथे लावून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयर अ‍ॅपमधून फाइल उघडता येतात.

आपण लिहिले आहे की हे व्हिडिओ लॅपटॉपवर ठीक दिसतात, पण स्टिकवर वराच्या हाताभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उमटतात. फाइल खराब झालेली नाही. कॅसेटच्या काळातले चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचे असे, एकात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम. डीव्हीडीवर ते तसेच ५७६ ओळींत उतरले. लॅपटॉपवरचा प्लेयर या दोन अर्ध्या चित्रांतला फरक मिटवून दाखवतो. अनेक स्टिक तसे न करता दोन्ही एकावर एक ठेवतात, आणि हललेल्या हाताच्या दोन जागा एकाच वेळी दिसू लागतात. हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून त्यातला डीइंटरलेसचा (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे करण्याचा) पर्याय, शक्यतो बॉब या प्रकारासह, निवडावा आणि सेकंदाला ५० फ्रेमची एच.२६४ फाइल बनवावी. एच.२६४ ही व्हिडिओ साठवण्याची २००३ पासूनची पद्धत असल्याने आपली आजची स्टिकही ती विनातक्रार चालवेल, आणि टीव्ही ५० हर्ट्झवर असला तर हालचाल जुन्या टीव्हीवर दिसे तितकीच सलग दिसेल.

एवढे काम करताना डीव्हीडीवरून घेतलेल्या मूळ फाइली पुसू नयेत, आणि त्यांची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ती दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवावी. सर्व कॅसेटी एकदम हाती घेऊ नयेत. मुंजीची एकच फाइल आधी तयार करून सासऱ्यांच्या टीव्हीवर लावून पाहावी. पुढून मागे धावणाऱ्या मुलांच्या कडा स्वच्छ दिसल्या आणि सनईचा आवाज चित्राबरोबर चालला, तर त्याच सेटिंगवर बाकीच्या फाइली रात्रभर रांगेत लावून द्याव्यात.